शाळेला दिलेले त्रेचाळीस गुण

माझी नोकरी छाननीची. दुसऱ्याने केलेल्या कामात काय कमी आहे ते शोधायचं, क्रमांक टाकून डाव्या समासात लिहायचं आणि फाईल आली तशी परत पाठवायची. वीस वर्षं हेच करतोय आणि बढाई नाही मारत, पण चांगलं करतो. आता ही सवय ऑफिसच्या टेबलावर ठेवून घरी यायला हवं, पण येतं कोण? मेहुण्याच्या लग्नपत्रिकेत मी दोन त्रुटी काढल्या होत्या, लग्नाच्या आदल्या दिवशी. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तर माझ्या मुलीला पहिलीत घालायची वेळ आली तेव्हाची ही गोष्ट.

ती तोपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होती. नागपुरात कॉन्व्हेंट म्हणायला जोगिणी-बिगिणी लागत नाहीत. तीन खोल्या, एक घसरगुंडी आणि भिंतीवर टाय घातलेला ससा असला की झालं कॉन्व्हेंट. बेसा भागात आमच्या सोसायटीची सगळी पोरं असल्याच कॉन्व्हेंटांच्या पिवळ्या गाड्यांत बसून जातात, म्हणून आमचीही जायची. चार वर्षांची होईपर्यंत ही पोरगी इतकी बोलायची की बोलता बोलता झोपायची. कॉन्व्हेंटमध्ये गेली आणि गप्प झाली. पहिल्या वर्षीच्या प्रगतिपत्रकात मॅडमने लिहिलं होतं, 'व्हेरी क्वाएट अँड वेल-बिहेव्ड.' मला काय आनंद झाला होता! मी ते पत्रक ऑफिसात नेऊन दाखवलं. दोन वर्षं पोरगी वर्गात एक शब्द बोलली नाही आणि तिचा बाप पेढे वाटायचा बाकी होता.

दुसऱ्या वर्षी ती एकदा ओल्या कपड्यांत घरी आली. काही केल्या सांगेना. आठ दिवसांनी तिने मम्मीच्या कानात सांगितलं. वर्गात फक्त इंग्रजीत बोलायचं आणि बाथरूमला जायचं तर पूर्ण वाक्यात विचारायचं, असा नियम होता. तिला ते वाक्य जुळवता येईना. जुळवता जुळवता व्हायचं ते झालं आणि वर्ग हसला. त्यानंतर ती घरीही बोलेनाशी झाली. मानेने हो, मानेने नाही. मी काय करावं? मी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून फ्रिजवर चिकटवलं. आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

बायको नंदनवनची आहे. आमच्या घरात घाबरायचं काम माझं आणि बोलायचं काम तिचं. तिने फ्रिजवरचा कागद फाडला आणि म्हणाली, "इथं नाल्यापलीकडे झेडपीची शाळा आहे ना. पायी सात मिनिटं. तिथं घालू."

"तिथं? तिथं आपल्या कामवाल्या बाईची पोरं जातात!"

"मग? ती पोरं बोलतात तरी. अन् तुम्ही कुठं शिकले? लंडनले?"

मी पारशिवनीकडच्या आमच्या गावात, झेडपीच्याच शाळेत शिकलो. पण तो काळ वेगळा होता, असं मी म्हणालो. असं म्हटलं की पुढे काही सिद्ध करावं लागत नाही.

"तुम्ही काहून एवढे घाबरून राहिले? जाऊन पाहून तं या," ती म्हणाली.

जाऊन पाहून या! छाननीच्या माणसाला असं सांगू नये. मी दोन दिवस बसून तक्ता तयार केला. वीस मुद्दे, प्रत्येकी पाच गुण, एकूण शंभर. आवारभिंत, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, संगणक, पंखे, फळा, फलक, पादत्राणं ठेवायची जागा. मग अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि तक्ता क्लिपबोर्डला लावून निघालो.

आवारभिंतीला एक भगदाड होतं, त्यातून एक बकरी माझ्यादेखत आत गेली. दोन गुण कमी. स्वच्छतागृह चांगलं धुतलेलं होतं, पण एका दाराची कडी सुतळीने बांधलेली. दोन कमी. चार नळांपैकी एक गळका. संगणक दोन, त्यातल्या एकावर पोरं चित्र काढत होती, दुसऱ्यावर फडकं झाकलेलं होतं. व्हरांड्यात खिचडीची भांडी, त्यांच्याजवळ एक कुत्रं, कुत्र्याचा तक्त्यात मुद्दा नव्हता, तरी मी गुण कापले. पहिलीच्या वर्गाजवळ गेलो तर आतून असा काही कालवा की बस रे बस. मी आत डोकावलोही नाही. 'वर्गात गोंगाट' असं लिहून पाचांपैकी एक गुण दिला.

मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, सुती साडी, बोटांना खडू. त्या स्वतःच तिसरीचा वर्ग घेत होत्या. मला खुर्ची दिली आणि कोणी शाळेला भेट दिली की देतात तशी शेरेबुकाची वहीही पुढे केली. पालक असलो म्हणून काय झालं, दोन शब्द लिहा म्हणाल्या. मी आधीचे शेरे वाचले. 'शाळेस भेट दिली. परिसर स्वच्छ. समाधानकारक.' पान उलटलं. 'शाळेस भेट दिली. परिसर स्वच्छ. समाधानकारक.' वेगवेगळ्या सह्या, वेगवेगळ्या शाया आणि मजकूर तोच. एकाही साहेबाला ते भगदाड दिसलं नव्हतं, बहुतेक त्यांच्या गाड्या नेमक्या त्याच्यासमोरच लागत असाव्यात. माझं डोकंच फिरलं. मी पेन काढलं आणि वहीत डावा समास सोडून चौदा मुद्दे लिहिले. शेवटी हात थांबेना म्हणून हेही लिहिलं, 'वरील त्रुटींची पूर्तता करून अहवाल तात्काळ सादर करावा.'

मॅडमनी चष्मा लावून सगळं वाचलं. रागावल्या नाहीत.

"अहवाल कोणाकडे सादर करू, सर?"

आता काय सांगायचं? माझं नाव, फ्लॅट नंबर? मी खोकलो.

"पोरीला नाही आणलं?" त्यांनी विचारलं.

"ती जरा... बुजते."

"पुढच्या वेळी तिला आणा. तुम्ही नाही आलात तरी चालेल," असं म्हणून त्या वर्गावर गेल्या.

घरी येऊन मी बेरीज केली. त्रेचाळीस. उत्तीर्ण व्हायला साठ हवेत, असं मी ठरवलं होतं. खरं सांगायचं तर ते बेरीज झाल्यावर ठरवलं. बायकोने तक्ता वाचला आणि 'वर्गात गोंगाट' या ओळीवर बोट ठेवलं.

"गोंगाट म्हणजे पोट्टे बोलून राहिले होते ना?"

"शिस्त म्हणून काही असते की नाही?"

"अन् कॉन्व्हेंटले या तक्त्यात किती मार्क?"

कॉन्व्हेंटमध्ये पालकांना गेटच्या आत सोडतच नाहीत. त्यामुळे त्यांना मी मनातल्या मनात शिस्तीचे पूर्ण गुण दिले होते. हे मी बायकोला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात माझे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले. ऑपरेशन झालं आणि काळा चष्मा लावून आठ दिवस आमच्याकडे राहिले. गावी असताना रोज फोनवर नातीशी त्यांच्या तासतास गप्पा चालायच्या. मधले काही महिने ती फोनवर येत नव्हती आणि आम्ही 'झोपली', 'खेळायला गेली' असं सांगायचो. आता समोरासमोर थापा कशा मारणार? बाबांनी तिला मांडीवर घ्यायला हात पुढे केला आणि विचारलं, "काय वं माय, आज शाळेत काय शिकवलं?" ती मम्मीच्या मागे जाऊन उभी राहिली. बाबांनी पुन्हा विचारलं, हसत, मग जरा हळू. ती नाहीच बोलली.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माह्या पोट्टीले काय झालं?" त्यांचा आवाज फाटला होता. मी माझ्या बापाला एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

बायकोने सगळं सांगितलं. ओले कपडे, फ्रिजवरचा कागद, पलीकडची शाळा. मी माझा तक्ता आणून दिला. बाबांनी तो हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला, एका डोळ्याने वाचला.

"यात पोट्टे कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"भिंत हाये, नळ हाये, कडी हाये. कुत्रंही हाये. पोट्टे नाहीत. काहून गा, तू बियाणं घेतलं असतं तं थैलीले मार्क देले असते काय?"

बाबा दरवर्षी सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्याआधी तपासतात. ढिगात हात खोल घालून, न निवडता शंभर दाणे काढायचे, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करायची, रोज पाणी शिंपडायचं आणि आठवडाभराने उघडून मोजायचं. सत्तर उगवले की बियाणं पेरायला चाललं. लहानपणी ते मोजायचं काम माझ्याकडे असायचं. छाननीची माझी पहिली नोकरी तीच म्हणा ना.

"उद्या मले त्या शाळेत घेऊन चाल," बाबा म्हणाले. "अन् तो तक्ता घरी ठेव."

मार्च लागला होता, शाळा सकाळची होती. मी पुन्हा अर्धी रजा टाकली. साहेबांनी विचारलं, घरी कोणी आजारी आहे का? मी हो म्हणालो. बाबांनी खिशात फुटाणे घेतले आणि आधी जाऊन मॅडमना सांगून आले, "नाहीतं पोट्टे पकडणारा समजून लोक मलेच कुटतील." मग गेटाबाहेर नालीवरच्या रपट्याच्या फरशीवर बसले. शाळा सुटली तसा पोरांचा लोंढा बाहेर आला. बाबांनी दर चौथं पोर थांबवलं. हुशार दिसतंय, नाक वाहतंय, काही पाहायचं नाही, चौथं म्हणजे चौथं. प्रत्येकाला मूठभर फुटाणे आणि एकच प्रश्न. "आज काय शिकवलं? मले समजून सांग, मी अडाणी माणूस हावो."

पहिली एक वेणीवाली पोरगी होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबाजी, लुगडं वाळू घातलं का त्यातलं पाणी कुठं जाते, माहीत हाये काय?"

"जमिनीत जात असंन."

"नाही ना! हवेत जाते. दिसत नाही, पण राहते." मागून दुसरं पोर म्हणालं की सगळंच जात नाही, थोडं खाली टपकतेही. मग त्या दोघांचं जुंपलं. बाबा मान डोलवत ऐकत बसले. एकाने मातीत काडीने भागाकार करून दाखवला, चुकला, खोडला, पुन्हा केला. एक जण म्हणाला, "काहीच नाही शिकवलं. आमचे सर मीटिंगले गेले होते."

"हा नापास," मी म्हणालो.

"काहून नापास? खरं बोलला. उगवला," बाबा म्हणाले आणि मोजणीचं एक बोट दुमडलं.

दहा पोरं झाली. सात बोलली. एक फुटाणे घेऊन पसार झाला, एक नुसतीच हसली, एक जमिनीकडे पाहत उभा राहिला. गेटात उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, "हे तिघं ना? मला ठाऊक आहे. तो पळाला त्याला घरी लहान भाऊ सांभाळायचा असतो. हसली तिला कमी ऐकू येतं, तिला मी पुढे बसवते. आणि हा शेवटचा मागच्या महिन्यातच आलाय, गोंडी बोलतो. होईल हळूहळू."

उठताना बाबांनी मॅडमना हात जोडले. माझ्यातल्या छाननीवाल्याला राहवलं नाही. "नमुना फार लहान आहे, बाबा. दहावरून काय कळतं?"

"मंग तू शंभर घे ना बे. मी काही नाही म्हणत नाही."

संध्याकाळी बाबा स्वतःहूनच आमच्या सोसायटीच्या बागेत जाऊन बसले. तेच फुटाणे, तोच प्रश्न. दहाच्या दहा पोरांनी 'गुड इव्हनिंग ग्रँडपा' म्हटलं. बाबा खूश झाले. मग एकाला विचारलं, काय शिकवलं? 'वुई डिड ॲक्टिव्हिटी.' कोणती गा बेटा? 'मॅम डिड इट.' दुसऱ्याने सांगितलं, मम्माच्या मोबाइलवर येतं, मम्माला विचारून सांगतो. दोघं मात्र छान बोलले, एक तर गुरूच्या कड्यांबद्दल असं बोलला की बाबा आभाळाकडे पाहायला लागले. बाकीचे आठ फुटाण्यांना हात लावू का नको, या विचारात. बाबांनी एकालाही नावं ठेवली नाहीत. "पोट्टे गुणाचे हायेत बिचारे," एवढंच म्हणाले.

तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. काळा चष्मा घातलेले एक अनोळखी अंकल बागेत मुलांचे इंटरव्ह्यू घेत आहेत, सिक्युरिटीने लक्ष द्यावं. खाली सतरा अंगठे. मी अठरावा दिला. आता सांगायला लाज वाटते, पण दिला.

बाबा गावी गेले. तरीही मी निर्णय घेईना. 'विचाराधीन' हा शेरा मारून मी घर चालवत होतो. शेवटी एका सकाळी मी ऑफिसला निघाल्यावर बायको पोरीचा हात धरून नाल्यापलीकडे गेली. मॅडमनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिलीच्या वर्गात एका पोरीशेजारी बसवलं आणि दोघींपुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवला, दहा-दहाचे वाटे करा म्हणून. अर्ध्या तासाने मायलेकी परत निघाल्या. पुलावर आल्यावर आमची पोरगी आपणहून म्हणाली, "मम्मी, ती पोट्टी लबाड आहे. तिच्या वाट्यात नऊच होते."

बायकोने तिथूनच मला फोन लावला. तिला रडू आवरत नव्हतं, मला तर वाटलं अपघात झाला. ते वाक्य मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन तिच्याकडून पुन्हा ऐकलं. मग संध्याकाळी गुपचूप फॉर्मवर सही केली.

जूनअखेर शाळा सुरू झाली आणि नळ फुटावा तशी पोरगी बोलायला लागली. खिचडीत आज वाटाणे होते. एका पोराने बकरीचं नाव ठेवलं. मॅडमले शिंका आल्या, सतरा. आमच्या घरात आता मले-तुले सुरू झालं होतं. बाबा फोनवर तिच्याकडून लुगड्यातलं पाणी कुठे जातं ते पुन्हा पुन्हा ऐकायचे आणि दरवेळी "बाप्पा! मले तं माहीतच नव्हतं" म्हणायचे. मला सुख वाटत होतं. खरंच सांगतो, इतकं सुख मला बढतीच्या ऑर्डरनेही झालं नव्हतं.

पण सोसायटीला काय सांगायचं? मी सांगितलं, शाळा बदलली. जरा वेगळ्या विचारांची शाळा आहे. मातृभाषेतून शिक्षण, मोठं मैदान, वर्गात मोजकी मुलं, प्राण्यांचा सहवास. यात एक शब्द खोटा नव्हता. 'वाह, ॲडमिशन मिळणं कठीण असेल,' असं कोणी म्हटलं की मी नुसता हसायचो. गणवेश मात्र ओळखू आला असता. म्हणून सकाळी आम्ही बापलेक पाच मजले जिन्याने उतरायचो आणि दुपारी तिची मम्मी तिला जिन्यानेच आणायची. व्यायाम होतो, असं मी सांगून ठेवलं होतं. बायको म्हणायची, तुमच्या घाबरण्यानं माझे गुडघे गेले.

एका शनिवारी मी तिला आणायला गेलो. खेळताना पडून तिचा गुडघा चांगलाच सोलवटला होता, जिना चढवेना. मी लिफ्टचं बटन दाबलं. मनात म्हटलं, या वेळेला कोण असतं? ती लंगडत होती, पण तोंड चालू होतं. लंगडीच्या खेळात कोणी कोणाला ढकललं आणि मग मॅडमनी दोघींचं कसं ऐकून घेतलं, हे सगळं पहिल्यापासून. लिफ्टचं दार उघडलं तर आत, खालच्या पार्किंगमधून वर निघालेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. ग्रुपवर तो मेसेज टाकणाऱ्या त्याच.

"अरे वा!" काकू पोरीकडे पाहून म्हणाल्या. "कितनी बातें करती है! पहले तो बोलती ही नहीं थी बेचारी. कौनसे स्कूल में हो बेटा अब?"

पोरीचा चेहरा असा फुलला! दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी परक्याने तिला असं काही विचारलं होतं जे तिला सांगायचं होतं, पूर्ण सांगायचं होतं. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं.

आणि मी तिचा हात दाबला. जोरात.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तोंड मिटलं.

"इधरही है, पास में," मी काकूंना म्हणालो.

तिसरा मजला आला, काकू उतरल्या, बाय बेटा म्हणाल्या. पोरगी काही बोलली नाही. चौथा मजला. मी म्हटलं, "हं, मग मॅडमनी काय केलं?" ती दाराकडे पाहत होती. पाचव्या मजल्यावर मी तिचा हात सोडला तर बोटं पांढरी पडली होती.

बायकोने दार उघडलं. गुडघ्यावरचं रक्त पाहून ती खाली बसली. "अगंबाई, काय झालं हे? कुठं पडली? सांग ना माय, कशी पडली?"

पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं.

"पप्पा, मम्मीले तरी सांगू?"